पाडव्याची पहाट, टी-टू आणि रद्द झालेलं विमान

दिवाळीत मुंबईहून नागपूरला जायचं म्हटलं की रेल्वेचा भरवसा नसतो. ६० दिवस आधी आरक्षण उघडतं आणि विदर्भ, दुरांतो बघता बघता भरून जातात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे गेल्या भाऊबीजेला सगळ्यांनी नागपूरलाच जमायचं ठरलं होतं. म्हणून मी विमानाचं तिकीट काढलं. पाडव्याच्या पहाटेचं. त्या वेळेला डोंबिवलीहून लोकल नसते, म्हणून मध्यरात्रीनंतर टॅक्सी केली आणि सहारच्या टर्मिनल २ वर पोहोचले. बॅग दिली, सिक्युरिटी झाली, गेटवर येऊन बसले. फलकावर विमान वेळेवर होतं.

आणि मोबाइल वाजला. ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ उड्डाण रद्द. बास, एवढंच.

आधी दोन-तीन जण उठले, मग सगळं गेट उठलं. काउंटर एक, त्यावर दोन मुली. लोक त्यांच्या अंगावर ओरडत होते आणि मला ते बघवेना. विमान रद्द करायचा निर्णय त्या मुलींनी घेतला नव्हता. ज्यांनी घेतला ते कधीच काउंटरवर येत नाहीत. पण म्हणून प्रवाशांचा राग खोटा ठरत नाही. एसटी रद्द झाली तर स्टँडवरचा कंट्रोलर खिडकीतून सांगतो, गाडी ब्रेकडाउन आहे, पुढची अमुक वाजता. इथे हजारो रुपये मोजलेल्या माणसाला साधं कारण सांगायला कुणी तयार नव्हतं. कुणी म्हणालं क्रू नाही, कुणी म्हणालं विमानच नाही.

माझ्या शेजारी वर्ध्याच्या एक काकू होत्या. मुलाकडे विरारला आल्या होत्या, आता परत निघालेल्या. मांडीवर कापडाने बांधलेला स्टीलचा डबा. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “काय लिहिलं हाये वं यात?”

मेसेज इंग्रजीत होता. खाली एक लिंक, त्यात दोन बटणं: परतावा किंवा दुसरी तारीख. दुसरी तारीख भाऊबीज उलटून गेल्यावरची. आणि काकूंचं बोट नेमकं परताव्याच्या बटणावर टेकणार होतं. मी त्यांना थांबवलं. पैसे घ्यायचे की दुसऱ्या विमानाने जायचं हे प्रवाशाने ठरवायचं असतं, आणि काकूंना तर घरीच जायचं होतं. त्यांच्या मुलाला फोन लावून दिला, तो म्हणाला, दोन दिवस इथेच राहू दे, तारीख बदलून घ्या. ते काम काउंटरवर उभं राहून करून घेतलं.

हे नियम प्रत्येकाला पाठ असायला हवेत, म्हणून इथे लिहिते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार रद्द झाल्याचं किमान दोन आठवडे आधी कळवायचं असतं. ऐन वेळी रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि त्यावर भरपाई: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती. पर्यायी विमानाची वाट बघत विमानतळावर थांबलात तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. हवामान, संप, हवाई वाहतूक नियंत्रण असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर मात्र भरपाई मिळत नाही. म्हणूनच कारण लेखी मागायचं. ‘ऑपरेशनल’ या शब्दातून काहीच कळत नाही, आणि माझं ठाम मत आहे की तो त्यासाठीच वापरला जातो. नियमांचा एक मराठी फलक त्या काउंटरवर लावला असता तर अर्धी भांडणं झालीच नसती.

मी परतावा घेतला. त्याच दिवसाच्या दुसऱ्या विमानांची भाडी बघितली, तिपटीच्या पुढे गेली होती. मग बाहेर पडायचा सोपस्कार. आत आलेल्या प्रवाशाला तसंच उलट चालत जाता येत नाही. कंपनीच्या माणसाबरोबर रांगेने जायचं, सीआयएसएफच्या जवानाकडे नाव लिहायचं, आणि ऑफलोड झालेली बॅग घ्यायला आगमनाच्या पट्ट्यावर उभं राहायचं. नागपूरला न जाता नागपूरची चिठ्ठी लावलेली बॅग समोरून फिरत आली तेव्हा रडू आवरलं नाही.

दादाला फोन केला. “काय करून राहिली तिथं? ट्रॅव्हल्स पकड अन् ये. ओवाळणं संध्याकाळी झालं तरी चालते.”

सायनहून संध्याकाळची स्लीपर मिळाली, वरचा बर्थ, सणाच्या भावात. ठाणे-भिवंडी ओलांडायलाच एवढा वेळ लागला की वाटलं, भाऊबीज गाडीतच जाणार. पण आमण्याला समृद्धी लागली आणि गाडी सुटली. कसाऱ्याच्या डोंगरातला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा मी पडदा सारून बघत होते. पिवळे दिवे संपता संपेनात. पूर्वी याच घाटात ट्रकांमागे तासन् तास जायचे. इगतपुरीनंतर झोप लागली. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नसता तर त्या दिवशी मी पोहोचलेच नसते. सकाळी दादा घ्यायला आला होता. दुपारी पाट मांडला, आई खुर्चीत बसून बघत होती, आणि मी त्याला ओवाळलं.

मुंबईला परतल्यावर कंपनीकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली. तिकीट, रद्द झाल्याचा मेसेज त्यावरच्या वेळेसकट, बोर्डिंग पास, बसची पावती, सगळं जोडलं. तुम्हीही यातलं काही पुसू नका. तिकिटाचे पैसे आले. भरपाईबाबत उत्तर आलं: परिस्थिती नियंत्रणाबाहेर होती. कोणती परिस्थिती, ते त्यात नाही. मी परत लिहिलं आहे की कारण नेमकं काय होतं तेवढं लेखी कळवा. नाही कळवलं तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे, आणि त्या गेटवरचे आणखी काही सहप्रवासी माझ्याबरोबर यायला तयार आहेत.