तुम्ही विचारलंत म्हणून: केजीएफच्या खाणीत उतरता येतं का?

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी, म्हणजेच केजीएफ (कोलार गोल्ड फील्ड्स), बघून आले असं कुठे बोललं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग खाली उतरलात का?"

नाही. कुणालाच उतरता येत नाही. 28 फेब्रुवारी 2001 ला भारत गोल्ड माइन्स, म्हणजे या खाणी चालवणारी सरकारी कंपनी, बंद झाली. पंप थांबले तसं खाली पाणी चढत गेलं. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल, तळाचा दगड साठ अंशांच्या पुढे तापलेला; वरून गार हवा सोडल्याशिवाय तिथे माणूस टिकत नसे. ते सगळं आता बुडालंय. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे तेवढे दिसतात, तेही कुंपणाबाहेरून. सिनेमा बघून फोटो काढायला येणाऱ्यांना पहारेकरी वैतागलेले असतात, आणि मला तरी त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

खाण बघायचीच असेल, तर ती वर आहे. गावाला लागून राखाडी टेकड्यांच्या रांगा दिसतात, त्यांना तिथे सगळे 'सायनाइड डंप' म्हणतात. दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवून घ्यायचं आणि उरलेला चोथा बाहेर टाकायचा. शंभरहून जास्त वर्षं हेच चाललं. शेवटी शेवटी टनभर दगडातून जेमतेम तीन ग्रॅम सोनं निघायचं, म्हणजे बाकी जवळजवळ सगळा दगड इथेच पडला. पावसाने टेकड्यांच्या अंगावर खोल घळी पडल्यात. वरचा थर कडक, पण पाय घातला की मोडतो आणि आत मैद्यासारखी भुकटी. वारा सुटला की ती घराघरांत शिरते. टेकडीवर चढून फोटो काढू नका. ती धूळ नाकातोंडात घ्यायची गोष्ट नाही.

मुंबईकरांना एक मात्र मी न विचारता सांगते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं याच खाणीत वर्षानुवर्षं उतरत होती. अवकाशातून सतत येणारे विश्वकिरण गाळायला एवढा जाड दगड दुसरीकडे कुठे मिळणार? ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी 1965 साली सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे दगडातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, खुणा टिपल्या. जगात जवळपास पहिल्यांदाच. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाचा तोच शोध चालू होता. खाणकामगारांच्याच पिंजऱ्यातून, म्हणजे लिफ्टमधून, ही उपकरणं खाली गेली असणार. याचा साधा फलक तरी स्टेशनवर असायला हवा होता.

आणि विजेचं ऐकून तर आजही नवल वाटतं. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज जवळपास दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे आली. खुद्द बंगळूरला दिवे लागले ते 1905 मध्ये. तेव्हा खाणी चालवणाऱ्या जॉन टेलर या ब्रिटिश कंपनीच्या गोऱ्या साहेबांचे बंगले, क्लब, आणि तमिळ-तेलुगू कामगारांच्या 'लाइन्स', म्हणजे एकाला एक चिकटलेल्या खोल्या. लालबाग-परळला गिरण्या गेल्या तिथे निदान टॉवर तरी उभे राहिले. इथल्या जमिनीला कुणी गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून लाइन्स अजून आहेत आणि लोकही त्यांतच राहतात. 'ओसाड गाव' म्हणून कुणी व्हिडिओ टाकला की मला म्हणून राग येतो.

ते ओसाड नाही हे बघायचं असेल तर रेल्वेने जा. बंगारपेट ते मारिकुप्पम हा जेमतेम सोळा किलोमीटरचा फाटा 1894 साली खाणींसाठीच टाकला. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मग मारिकुप्पम. खाणीला लागणारी यंत्रं, इंधन, माणसं आत आणायची म्हणून हा रूळ. आज खाण नाही, गाडी आहे, आणि ती सकाळी माणसं बाहेर नेते. पोटापाण्याला बंगळूर गाठायचं म्हणजे पहाटेची गाडी. कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी सुरक्षारक्षक. चॅम्पियनच्या फलाटावर डब्याच्या पिशव्या घेऊन उभ्या बायका बघितल्या, तेव्हा वाटलं, खाण बंद झाल्यावर या गावाला सरकारी पॅकेजपेक्षा या फाट्यानेच जास्त जगवलं असेल.

तुम्ही मात्र उलट्या दिशेने प्रवास करा. सकाळी बंगळूरहून निघालात तर गर्दी समोरून येते, तुम्हाला खिडकी मिळते. बंगारपेटला गाडी बदलावी लागली तर हातात वेळ ठेवा, फाट्यावर गाड्या मोजक्याच आहेत. पाणी जवळ ठेवा, आणि कुंपणाआतला फोटो हवाच असेल तर आधी पहारेकऱ्याला विचारा.