दम्याचं निदान आणि त्यानंतर : माझा अनुभव

मला दमा असेल असं बराच काळ कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण मला धाप लागत नव्हती. यायचा तो खोकला. कोरडा, चिवट आणि वेळ ठरलेली : मध्यरात्र उलटली की सुरू, पहाटे सगळ्यात जास्त. दिवसा मी ठणठणीत. सर्दी झाली तर ती बरी व्हायची, पण खोकला मागे रेंगाळायचा. खोकल्याची औषधं झाली, अँटिबायोटिक झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. एक्स-रे काढला तर तो स्वच्छ. ‘फुप्फुसं छान आहेत’ असं सांगून मला घरी पाठवलं. दम्यात एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो आणि काही जणांचा दमा नुसत्या खोकल्याच्या रूपात दिसतो, एवढं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर माझे पुष्कळ हाल वाचले असते.

पुढे छातीच्या डॉक्टरांकडे गेले. स्टेथोस्कोप लावायच्या आधी त्यांनी प्रश्नच खूप विचारले. हसल्यावर खोकला येतो का? जिना भरभर चढल्यावर, थंड हवेत, धुरात? लहानपणी इसब होतं का? घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी? छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं? कामाच्या जागी त्रास वाढतो आणि सुट्टीत कमी होतो, असं काही? ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर कधी श्वास अडकला होता का?

या प्रत्येक प्रश्नामागे दम्याचं एकेक कारण होतं, हे हळूहळू कळत गेलं. इसब, ॲलर्जिक सर्दी आणि दमा अनेकदा एकाच माणसात, एकाच घराण्यात आढळतात. काही जणांना पीठ, रंग, रसायनं यांच्या कामातून दमा जडतो आणि तो लवकर ओळखून त्या वस्तूशी संपर्क थांबवला तर बराच फरक पडतो. काही मोजक्या लोकांना विशिष्ट वेदनाशामक गोळ्यांनी झटका येतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या श्वासनलिका आवळू शकतात, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे काही थेंबही त्याच जातीचे असतात. डोळ्यांच्या थेंबांचा आणि श्वासाचा संबंध मी तरी कधी जोडला नसता. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं सांगावीत, थेंबांसकट.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसातून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजायचं. ही तपासणी दुखत नाही, पण दमवते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट मिटलेले. तंत्रज्ञ ताई समोर उभ्या राहून जवळजवळ ओरडत होत्या : ‘भरा, भरा, पूर्ण भरा... आता फुंका जोरात! सोडत राहा, सोडत राहा, अजून, अजून, थांबू नका!’ आता आत काहीच उरलं नाही असं वाटल्यावरही काही सेकंद फुंकतच राहायचं असतं. डोळ्यांत पाणी येतं, खोकल्याची उबळ येते. आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्यानंतर श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाचे पफ दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा तोच प्रकार.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. पहिली मधेच खोल गेलेली, दुसरी तिच्या वर, बऱ्यापैकी भरलेली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हा यातला महत्त्वाचा आकडा. औषधानंतर तो निदान 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढला, तर श्वासनलिकेतला अडथळा औषधाने सुटतोय असं मानतात. माझा आकडा ही मर्यादा ओलांडून बराच पुढे गेला होता. दम्याची खूणच ही, की अडथळा कमीजास्त होत राहतो. त्यामुळे बरं असलेल्या दिवशी हीच तपासणी नॉर्मलही येऊ शकते, आणि तेवढ्यावरून दमा नाही असं म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी कागदावर तीन वर्तुळं काढली. पहिलं मोकळं : निरोगी श्वासनलिका. दुसऱ्याच्या आतून जाड किनार : अस्तराला आलेली सूज, ही कुठलाच त्रास नसतानाही आत असू शकते. तिसऱ्यात बाहेरून आवळलेले स्नायू आणि आत चिकट कफ, मधे उरलेलं छिद्र अगदी बारीक : हा झटका. त्या बारीक वाटेतून हवा जाताना शिटीसारखा आवाज येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. माझा सगळा उपचार मला त्या दुसऱ्या वर्तुळात समजला. मला वाटायचं, त्रास झाला की औषध आणि थांबला की औषध बंद. पण सूज आत तशीच राहिली तर पुढची सर्दी, धूळ किंवा परागकण तिला पुन्हा भडकवतात.

औषधं दोन कामांची असतात. आवळलेले स्नायू सैल करणारी, जी लगेच आराम देतात. आणि सूज उतरवणारी, म्हणजे श्वासातून घ्यायची स्टेरॉइडं, ज्यांचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडे लागतात. गंमत अशी की लगेच बरं वाटतं ते सूज उतरवत नाही, आणि जे सूज उतरवतं ते घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. दम्यावरच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ने 2019 पासून स्पष्ट सांगितलंय, की किशोरवयीन आणि प्रौढांपैकी कुणीही नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर, म्हणजे इन्हेलरवर, राहू नये. मला सूज उतरवणारं बुडेसोनाइड आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला इन्हेलर दिला.

स्टेरॉइड म्हटल्यावर घरात काळजी पसरली. मावशीचं म्हणणं, ‘पंप एकदा लागला की सुटत नाही.’ मी ते जसंच्या तसं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘सवय औषधाची लागत नाही. आजार लांबतो म्हणून औषध लांबतं.’ मग त्यांनी मात्रा समजावली. इन्हेलरमधलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये 1000 मायक्रोग्रॅम असतात. शिवाय ते बहुतांशी जिथे लागतं तिथेच पोचतं. पंपाला घाबरून वारंवार झटके येऊ द्यायचे आणि प्रत्येक झटक्याला गोळ्यांचा कोर्स घ्यायचा, यात शरीरात जाणारं स्टेरॉइड कितीतरी जास्त. हा हिशेब ऐकल्यावर मावशीही गप्प बसली.

इन्हेलर घ्यायची पद्धत त्यांनी स्वतःसमोर करून घेतली, आणि हा भाग कुणीही घाईत उरकू नये असं मला मनापासून वाटतं. फवारा असेल तर आधी नीट हलवायचा, श्वास सोडायचा, ओठ मिटायचे, पफ दाबतानाच हळू आणि खोल श्वास आत घ्यायचा, मग दहा सेकंद धरून ठेवायचा. पावडरचा इन्हेलर असेल तर उलट : श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा, नाहीतर पावडर तोंडातच राहते. फवाऱ्याला स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची पोकळ नळी, लावली की औषध घशात कमी चिकटतं आणि फुप्फुसात जास्त जातं. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही आणि आवाज बसत नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत मी इन्हेलर सोबत नेते आणि घेऊन दाखवते, कारण पद्धत नकळत बिघडते.

घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे हवा किती जोरात बाहेर फुंकता येते ते मोजणारं छोटं यंत्र, आणलं. सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सुरुवातीच्या पानांवर सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा ठळकपणे खाली दिसायचा. रात्रीच्या खोकल्याचं उत्तर त्या दोन रकान्यांत होतं. उपचार सुरू झाल्यावर दोन्ही आकडे वर चढले आणि जवळ आले. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांवर असेल तर हिरवा पट्टा, 50 ते 80 पिवळा, 50 च्या खाली लाल. पिवळ्यात गेलं तर औषध किती वाढवायचं, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.

त्वचेवरच्या चाचणीत मला धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी निघाली. ते गादी-उशीत राहतात आणि माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात. चादरी-अभ्रे आता 60 अंशांच्या पाण्यात धुते, गादीला बंद खोळ आहे, खोलीत ओल राहू देत नाही. याने मदत होते, पण औषधाची जागा ही साफसफाई घेऊ शकत नाही.

एकदा सर्दीतून जोराचा झटका आला. लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे केलं, थोडे दिवस गोळ्याही घ्याव्या लागल्या. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना धोक्याच्या खुणा पाठ आहेत : एक वाक्यही सलग बोलता न येणं, ओठ निळसर पडणं, पंप घेऊनही आराम न पडणं, गुंगी येणं. अशा वेळी रुग्णाला आडवं करू नये, बसतं ठेवावं, स्पेसरमधून पफ देत राहावं आणि थेट रुग्णालय गाठावं. घरघर अचानक थांबली पण श्वास तसाच कठीण असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नये. हवा जवळजवळ जातच नसल्याने आवाज बंद झालेला असू शकतो.

सलग काही महिने रात्रीचा खोकला नाही आणि आकडे हिरव्यात, हे पाहून डॉक्टरांनी मात्रा एक पायरी खाली आणली. इन्हेलर पूर्ण बंद करण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. मात्रा कमी केल्यावर स्पायरोमेट्री पुन्हा करायची आहे, तोवर सकाळ-संध्याकाळची नोंद चालू आहे.