खोट्या कबरींचा खरा जीर्णोद्धार

15 युरो मोजले की स्वतःच्या नावाची कबर मिळते, ही स्कीम मी तरी आधी कुठे बघितली नव्हती. आत कोणी नसतं, माणूस चांगला धडधाकट असतो, फक्त लाकडी क्रॉसवर त्याचं नाव रंगवतात, आणि मग तोच माणूस बायकापोरांना घेऊन येतो आणि आपल्याच कबरीशेजारी उभा राहून दात काढत फोटो काढून घेतो. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "जावईबापूंनी नाव घातलं नाही ना तिथं?" आणि नाही म्हटल्यावरसुद्धा घरी गेल्यावर दोघांची दृष्ट काढून टाक म्हणाली.

जागा म्हणजे सॅड हिल. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोसजवळच्या डोंगरात. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटी ते प्रचंड गोल कब्रस्तान आहे ना, एली वॉलाक येडा झाल्यासारखा कबरींमधून पळत सुटतो आणि मागे मोरिकोनेचं म्युझिक चढत जातं, ते हेच. पप्पांच्या पिढीला हा पिक्चर सीन बाय सीन पाठ, पण आपण अमेरिका अमेरिका म्हणून जे बघत आलो ते बरंचसं स्पेन होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. खाली दक्षिणेत आल्मेरियाजवळ ताबेर्नासचं वाळवंट आहे, तिथले काही वेस्टर्न सेट तर आता तिकीट लावून चालतात, काउबॉय लोक ठरल्या वेळेला बंदुका काढतात आणि छपरावरून पडून दाखवतात. सॅड हिलला तसं काही नाही. कच्चा रस्ता, खुरटी झाडं, वर घिरट्या घालणारी गिधाडं (ही खरी, पिक्चरवाल्यांनी सोडलेली नव्हे), आणि मग एकदम समोर कबरींच्या रांगाच रांगा.

1966 साली शूटिंगसाठी स्पॅनिश लष्कराच्या सैनिकांनी हे सगळं उभं केलं, 5000 च्या वर कबरी, आणि एकीतही माणूस नाही. शूटिंग संपलं, मंडळी रोमला गेली, सेट तसाच राहिला. क्रॉस कुजले, गवत वाढलं, गुरं चरायला लागली, आणि मधला दगडी चौक, जिथे तिघं एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत उभे राहतात, तो मातीखाली गेला. 2015 मध्ये आजूबाजूच्या गावांतल्या चाहत्यांच्या संस्थेने कुदळी घेऊन खणायला सुरुवात केली. कोणी फ्रान्सवरून आलं, कोणी इटलीवरून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पेट्रोलने. वीतभर माती काढली तर खाली 1966 चे दगड जसेच्या तसे! खर्चासाठी मग ती 15 युरोची कबर. म्हणजे आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं तसंच हे, फक्त इथे नावाच्या आधी कै. लावायची घाई झालेली नाही. दुसऱ्या वर्षी, पिक्चरला 50 वर्षं झाली तेव्हा, तिथेच पडदा लावून पिक्चर दाखवला आणि क्लिंट ईस्टवूडने व्हिडिओवरून मेसेज पाठवला. या खणण्यावर एक डॉक्युमेंटरीही निघाली, 2017 मध्ये.

आम्ही गेलो तेव्हा एक पोटवाले काका ईस्टवूडसारखा पॉन्चो घालून चौकात उभे होते, उन्हात, घामाघूम, तोंडात न पेटवलेली सिगार. बायको मोबाईलवर म्युझिक लावून शूट करत होती आणि "कट" म्हणून सारखं परत करायला लावत होती. कोणी हसत नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग जरा हेवाच वाटला, इतकं निवांत प्रेम खोट्या जागेवर करायचं म्हणजे!

ऑफिसमध्ये सोमवारी हे कौतुकाने सांगितलं तर बुर्गोसकडचाच एक सहकारी म्हणाला, छान आहे, पण आमच्या प्रांतात खऱ्या कबरीही खणायच्या राहिल्यात. आणि खरंच, 1936 च्या स्पेनमधल्या यादवीत बुर्गोस ही हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूची राजधानी होती, माणसं रात्री उचलून नेली आणि रानात पुरली, ला पेद्राहाच्या घाटात 2010 मध्ये खणायला घेतलं तेव्हा शंभरावर सांगाडे निघाले. म्हणजे बघा, 1966 मध्ये फ्रँकोचेच सैनिक अमेरिकेच्या यादवीतल्या मेलेल्यांसाठी खोट्या कबरी रचत होते, आणि त्याच प्रांतातल्या खऱ्यांवर साधा दगडही नव्हता, कोणी बोलायची सोय नव्हती. त्याने हे अगदी शांतपणे सांगितलं आणि कॉफी आणायला गेला. मला काय बोलावं सुचेना. त्या पॉन्चोवाल्या काकांवर राग धरावा असंही वाटत नाही, त्यांनी काय केलंय.

आता आपलं. 'शोले'त ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग लिओनेच्याच 1968 च्या पिक्चरवरून घेतलेला, पण ते रामगड आज बघायला मिळत नाही. कर्नाटकातल्या रामनगरला खडक तेवढे आहेत, गाव काही उरलं नाही. लोक म्हणतील आपल्याला जपायची अक्कल नाही. मी म्हणते आपल्याला गरज नाही पडली, कारण रामगड आपल्या तोंडात आहे, कितने आदमी थे म्हणा, पान टपरीवाला पुढचं पूर्ण करतो. इथे स्पेनमध्ये किती जणांना लिओनेचा एक डायलॉग येतो? (नवरा म्हणतो त्याच्या पिक्चरमध्ये डायलॉगच कमी आहेत. असू दे.)

पण कोल्हापूरची असल्यामुळे जयप्रभा स्टुडिओचं नाव काढलं की माझी ही बाजू लंगडी पडते. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ, 1948 ला दंगलीत जळला, भालजींनी परत उभा केला, आणि 2022 मध्ये विक्रीची बातमी आली तेव्हा लोक आंदोलनाला बसले. बसले तरी! दुसऱ्या एखाद्या शहरात कोणी बसलं असतं का ते सांगा. आणि स्पॅनिश लोकांचंही फार कौतुक नको, त्यांनी 1966 ते 2015, म्हणजे 49 वर्षं गुरं चरू दिली. त्या हिशोबाने आम्हा कोल्हापूरकरांना 2071 पर्यंत मुदत आहे.