नवा शाफ्ट, जुनं भोक

शनिवार, रात्री

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा गाडीचा कार्बोरेटर खोलून दुरुस्त केला. दिसायला देखणा झालाय. सगळी पॅकिंग नवी, निडल नवी, जेट नवा, फ्लोटचा व्हॉल्व्ह नवा, थ्रॉटलचा (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या चकतीचा) शाफ्टसुद्धा नवा. आणि गाडी उघडण्याआधी जितकी नीट चालत होती, तितकीही चालत नाही.

गार असताना तक्रार नाही. चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू. इंजिन तापलं, चोक आत गेला की रडगाणं सुरू. स्लो (रेस न देता इंजिनाची चाल) कधी सातशे आरपीएमवर, तर कधी हजाराच्या पुढे. रेस देऊन सोडली की आरपीएमचा काटा वर लटकून राहतो आणि सावकाश खाली येतो. जेट खाली घेऊन मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) केलं की स्लो बरी लागते, पण रस्त्यावर गाडी जड होते आणि प्लग काळे पडतात. जेट वर घेतला की रस्त्यावर झकास, पण थांबलो की बंद.

संध्याकाळभर जेटचा नट मागेपुढे चालला होता. आता हात धुऊन बसल्यावर वाटतंय की उत्तर या रडगाण्यातच आहे. हा दीड इंची एसयू बनावटीचा कार्बोरेटर आहे. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये स्लोचा जेट वेगळा असतो. तो कचऱ्याने तुंबला की स्लो बिघडते आणि बाकी सगळं ठीक राहतं. इथे तसा जेटच नाही. एकच जेट, त्यात एकच निमुळती निडल. हवेच्या ओढीने कार्बोरेटरमधला पिस्टन वर जातो, त्याच्याबरोबर निडल वर येते आणि जेटचं तोंड तेवढं मोकळं होतं. स्लोपासून फुल रेसपर्यंत सगळा कारभार या जोडीचा. मग त्याच जेटमधून स्लोला पेट्रोल कमी आणि रस्त्यावर जास्त, असं कसं? निडल चुकीच्या नंबरची असेल तर होईल. पण नंबर जुन्याशी जुळतोय आणि तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसलाय.

म्हणजे स्लोला पेट्रोल कमी पडत नाहीये. हवा जास्त होतेय. कुठून तरी एअर घेतेय.

(हा कार्बोरेटर स्किनर बंधूंचा. घरचा धंदा बूट-चपलांचा, आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. धातूचा पिस्टन नंतर आला. घरात चामडं असल्यावर माणूस आधी त्यातच डोकं घालणार.)

रविवार

संशय पक्का असला तरी क्रम सोडायचा नाही असं ठरवलं. दुरुस्तीनंतर ज्या वस्तूला आपला हात लागला तिच्यावरच सगळा आळ येतो, आणि इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) साळसूदपणे बाजूला उभं राहतं. म्हणून आधी पॉइंटचा गॅप, मग स्ट्रोब लावून टायमिंग, मग व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी तोंडाने ओढून पाहिली. डायफ्रॅमने ओढ धरून ठेवली. तिथून एअर जात नाही.

फ्लोटचं (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाचं) झाकण उलटं धरून लीव्हरखालचं अंतर मोजलं. 3.2 ते 4.8 मिमी हवं, त्यात बसतंय. डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या वरच्या नळीत) 20 नंबरचं ऑइल आहे. ते कमी असतं तर रेस देताना गचके बसले असते, स्लो अशी डोलली नसती. पिस्टन वर उचलून सोडला, खाली टेकताना स्वच्छ टक् वाजलं. कुठे अडकत नाही.

इथेनॉलचाही विचार केला. नुसत्या पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9 पट. दहा टक्के मिसळलं की गरज 14.1च्या आसपास येते, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिक्स्चर चारेक टक्के लीन (पेट्रोल कमी). पण ते सगळीकडे सारखंच लीन होणार. फक्त स्लोला धरून बसणार नाही. ज्याच्या त्याच्या माथी इथेनॉल मारायची हल्ली फॅशन आहे, मला ती पटत नाही.

एअरची फट मात्र स्लोलाच नडते. थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) ओढ जबर, आणि इंजिन पीत असलेली हवा मुळात थोडी. त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की तीच फट किरकोळ होते. स्लोसाठी रिच केलेलं मिक्स्चर मग रस्त्यावर उघडं पडतं.

फट शोधायला कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टच्या इतक्या जवळ मला ते आवडत नाही. घट्ट ग्रीस बोटावर घेतलं. मॅनिफोल्डच्या पॅकिंगच्या कडेने लावलं, काही फरक नाही. शाफ्ट जिथे बॉडीतून बाहेर येतो तिथे दोन्ही टोकांना थापलं. काटा खाली आला आणि स्थिर राहिला. थोड्या वेळाने ग्रीस आत ओढलं गेलं आणि डोलणं परत सुरू.

इंजिन बंद करून शाफ्ट वरखाली हलवला तर प्ले (ढिलेपणा) बोटाला लागतो. शाफ्ट नवा आहे, पण वर्षानुवर्षांच्या स्प्रिंगच्या ओढीने बॉडीतलं भोक लांबट झालंय. दुरुस्तीच्या किटमध्ये सगळं येतं, झिजलेलं भोक बदलून येत नाही. डब्यावर मात्र ‘संपूर्ण’ असं छापलेलं असतं.

शुक्रवार

बॉडी लेथवाल्याकडून आली. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करून (नेमक्या मापाला कातून) ब्रॉन्झचे बुश, म्हणजे आतल्या कड्या, ठोकले आहेत. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर अंदाजाने केली असती तर शाफ्ट तिरका बसून अडकला असता. त्याला हे सांगावं लागलं नाही. उलट त्यानेच विचारलं, शाफ्ट जुना की नवा, कारण बुशचं माप त्यावर.

थ्रॉटलची चकती बसवताना स्क्रू अर्धवट सैल ठेवले, थ्रॉटल दोनचारदा फटकन बंद केला, चकती आपली आपण मध्यावर आल्यावर स्क्रू आवळले. त्यांची चिरलेली टोकं फाकवली. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो, त्यामुळे इथे कंटाळा चालत नाही.

जेट आधी ब्रिजला (पिस्टनखालच्या सपाट भागाला) सपाट, मग दोन पूर्ण फेरे खाली. तापल्यावर तिथून नट थोडा वर घ्यावा लागला. लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला: आवाज किंचित चढला आणि बसला. चढून तसाच राहिला असता तर रिच, इंजिन मरायला लागलं असतं तर लीन. रेस सोडली की काटा आता सरळ आठशेवर येतो.

लांबून आल्यावर दहा मिनिटं उभी ठेवली तर परत सुरू व्हायला अजून कुरकुरते. ते उष्णतेचं प्रकरण दिसतंय, फ्लोटच्या बाउलमधलं पेट्रोल उकळत असणार. उद्या हीटशील्ड खरंच जागेवर आहे का ते बघायचं, आणि पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांब बांधायचा. जेटला हात लावायचा नाही.