दसऱ्याला गल्लीभर झेंडू वाटायचा तर

बी जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाका. बेळगावात तेव्हा पाऊस धो-धो कोसळतो, म्हणून डबे पत्र्याच्या शेडखाली, उजेडाच्या बाजूला ठेवा. लाल माती, वाळू, कुजलेलं शेणखत सारख्या मापानं घ्या. बी अर्धा सेंटिमीटर खोल. आठवड्याभरात उगवतं.

सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात. पाणी साचलं की देठ मातीलगत काळा पडतो, रोप आडवं होतं. डब्याला भोकं हवीतच आणि पाणी फक्त सकाळी.

महिन्याची रोपं शहापूर, वडगाव, अनगोळ कुठेही द्या, पण लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडायला बजावून सांगा. जिवावर येतं खरं, पण त्यानंच फांद्या फुटतात, फुलं वाढतात.

तोडलेली फुलं बुट्टीतच न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून ती कुजतात.