तुम्ही विचारलंत म्हणून: खिळा ठोकताना घोड्याला दुखत नाही का?

मी नालबंद आहे, म्हणजे घोड्यांना नाल ठोकतो, असं म्हटलं की मुंबईत पहिली प्रतिक्रिया "हे काम अजून असतं?" आणि दुसरी, लगेच, हा प्रश्न. महालक्ष्मीला रायडिंग शिकायला येणाऱ्या पोरांचे आईबाबा विचारतात, लिफ्टमध्ये सोसायटीतले काका विचारतात, बँकेत केवायसीच्या फॉर्मवर व्यवसाय वाचून काउंटरवरच्या मॅडमनी पण पेन खाली ठेवून हेच विचारलं. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

खिळा बरोबर जागी गेला तर नाही दुखत. लांबलचक उत्तर असं की घोड्याच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा खिळा मारायच्या आधीच्या कापाकापीतून येतं नाहीतर नंतरच्या दुर्लक्षातून, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही कारण हातोडा लांबून दिसतो, बाकीचं वाकून बघावं लागतं.

खुराची बाहेरची भिंत केरॅटिनची, म्हणजे आपल्या नखासारखीच, तिला ना रक्त ना नस. पायाच्या तळाकडून बघितलं की ही भिंत आणि आतला तळवा यांच्या मधे एक फिकट रेषा गोल फिरलेली दिसते, तिला आम्ही व्हाइट लाइन म्हणतो, आणि माझं सगळं पोटपाणी त्या रेषेवर आहे. रेषेच्या बाहेर खिळा गेला तर घोडा आरामात उभा, रेषेच्या आत गेला तर जिवंत मांस. आणि बाहेरची ही भिंत किती जाड, तर थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याची पुढे बोटाकडे सेंटीमीटरच्या आसपास, मागे टाचेकडे त्याहून पातळ. एवढ्याच जागेत खिळा तिरका शिरून बाहेरच्या अंगाने निघायला पाहिजे आणि तोवर साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर एक पाय तुमच्या मांड्यांमधे देऊन उभं असतं, त्यात एखादी माशी त्याच्या पोटावर बसली तर काय होतं ते सांगायला नको.

हार्डवेअरच्या दुकानातला खिळा इथे चालत नाही. नालेचा खिळा चपटा असतो, टोकाला एका बाजूने तासलेला, आणि डोक्यावर त्याच बाजूला कंपनीची खूण असते. ती खूण आतल्या बाजूला धरायची. तासलेली बाजू आत असली की टोक आपोआप बाहेर वळत जातं आणि नालेच्या वर साधारण पाऊण इंचावर भिंतीतून डोकं काढतं. उलटा धरलात तर तोच खिळा आत वळणार. हातोडी हलकी लागते, सुरुवातीला टकटक, मग जरा जोर, आणि कान उघडे. चांगल्या कडक भिंतीतून खिळा जात असला की आवाज टणक येतो आणि प्रत्येक ठोक्याला आवाज थोडा चढत जातो, आणि खिळा फारच सहज सरकायला लागला, आवाज बसका झाला की तिथेच थांबायचं, उपटायचा, टोक बघायचं. म्हणून मी काम करताना कोणी मोबाईलवर गाणी लावली तर मी सरळ बंद करायला सांगतो, मग भले तो मालक असो.

टोक बाहेर आलं रे आलं की हातोडीच्या फाट्यात धरून पिळून तोडायचं, लगेच, कारण तेवढ्यात घोड्याने पाय ओढला तर ते टोक तुमची मांडी फाडत जातं, चामड्याचा ॲप्रन उगाच नाही घालत कोणी. उरलेला शेंडा खाली दुमडून बसवायचा आणि कानस मारून गुळगुळीत करायचा.

आणि एक गोष्ट, खिळे टाचेपर्यंत नेत नाहीत. खुराचा जो सगळ्यात रुंद भाग आहे तिथवरच, पुढच्या अर्ध्यात, कारण घोडा पाय टेकवतो तेव्हा टाच किंचित फाकते आणि उचलतो तेव्हा मिटते. टाच खिळ्यांनी जखडली तर ते फाकणं बंद, आणि असा पाय वर्षभरात आवळत जातो. बघणाऱ्याला वाटतं वा काय मजबूत ठोकलीय, आठ-आठ खिळे. सहात काम होत असताना आठ मारणारा माणूस मला आवडत नाही.

कधी कधी खिळा मांसात न शिरता फक्त खेटून बसतो. त्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी घोडा लंगडतो, खूर हाताला गरम लागतो, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात लागते. तो खिळा शोधून काढायचा, ते भोक परत वापरायचं नाही, आणि मांसात गेलेला असेल तर आयोडीन घालून डॉक्टरला बोलवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारायचं, कारण धनुर्वाताच्या बाबतीत घोडा फार नाजूक, माणसापेक्षा कितीतरी जास्त.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी जुनी नाल काढून, निपरने, म्हणजे मोठ्या पकडीने, जादा खूर कापून, सुरीने तळवा साफ करून, रास्पने, म्हणजे मोठ्या कानशीने, पातळी करून परत नाल लावायला लागते. हे पातळी करणं म्हणजे खरं काम, नाल ठोकणं त्यानंतरची दहा मिनिटं. एक बाजू जराशी उंच राहिली तर घोडा महिनाभर वाकडा पाय टाकतो आणि त्याचा भार वर सांध्यावर जातो. पुढचे खूर गोलसर असतात, मागचे जरा टोकदार, त्यामुळे नाल पण वेगवेगळी घडवावी लागते, आणि नियम एकच, नाल खुराच्या मापाची करायची, खूर कानशीने घासून नालेच्या मापाचा करायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत असले की निम्मे लोक उलटंच करतात.

हल्ली नाल तयार मिळते, सात-आठ साइझमधे, पण ती पायाला बसवायला ऐरण लागतेच. ऐरणीच्या शिंगावर ठोकून फाकवायची, कडेवर मिटवायची. माझे आजोबा कराडकडे लोहारकाम करायचे, भाता आणि कोळशाची भट्टी, फाळ शेवटायचे, विळे-कोयते करायचे आणि उसाच्या हंगामाआधी बैलांना पत्री मारायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पातळ पत्र्या, आणि बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही, त्याला दोरानं पाडून चारी पाय बांधून मग काम. ते बघून आलेल्या माणसाला घोडा म्हणजे सभ्य गिऱ्हाईक वाटतो. आजोबा विळ्याला पाणी द्यायचे, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायचे, ते मी पण शिकलो, पण नालेला पाणी देत नाहीत. साधं मऊ लोखंडच बरं, थंड असताना वाकवता येतं आणि रस्त्यावर झिजत झिजत पकड तरी देतं. कडक केलेलं पोलाद डांबरावर चकचकीत होतं आणि घोडा घसरतो. रस्त्यावरच्या घोड्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे कण नालेला चिकटवतात ते याच कारणासाठी. माथेरानला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा घोडेवाल्यांनी घोडे घसरतात म्हणून तक्रार केली होती, बऱ्याच लोकांना ती नाटकं वाटली. मला नाही वाटली. रेसच्या घोड्यांचं वेगळंच, शर्यतीला ॲल्युमिनियमची पातळ प्लेट, त्याच मापाच्या लोखंडी नालेच्या साधारण एक तृतीयांश वजनाची.

गरम नाल खुराला टेकवून बघतात तेव्हा जो धूर निघतो तो बघून पालक पोरांचे डोळे झाकतात. जळक्या केसांचा वास येतो, साहजिक आहे, केस पण केरॅटिनच. घोड्याला काही कळत नाही, दोन-तीन सेकंदांचं काम, आणि जिथे काळं पडलं तिथे उंचवटा आहे एवढं आपल्याला दिसतं.

मुंबईत खरा वैरी पाऊस. रेसचे घोडे पावसाळ्यात पुण्याला जातात, मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पण लग्नातल्या घोड्या आणि चौपाटीवरचे घोडे कुठे जाणार? ओल्या जमिनीवर उभे राहून खूर भिजतो, मऊ पडतो, खिळे सैल होतात, तळव्यातला फ्रॉग नावाचा त्रिकोणी भाग सडायला लागतो, काळं पाणी आणि असा वास की जेवण जात नाही. त्यावर उपाय म्हणजे कोरडी जागा आणि रोज खूर साफ करणं, दोन्ही फुकट, दोन्ही होत नाहीत. व्हिक्टोरिया घोडागाड्या जून २०१५ मधे हायकोर्टाने बेकायदेशीर ठरवल्या, त्यावर माझं मत विचारतात, मला त्यातल्या काही घोड्यांचे पाय आठवतात म्हणून मी बंदीच्या बाजूने बोलतो आणि आमच्या धंद्यातले लोक चिडतात. पण खिळ्याचा प्रश्न मला विचारणारी माणसंच दुसऱ्या दिवशी वरातीत नव्वद किलोचा नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात भाचा बसवून घोडीला तीन तास डांबरावर, डीजेच्या शेजारी उभी करतात, तेव्हा तिच्या पायाकडे कोणाचं लक्ष असतं?

जुनी नाल मागणारे पण भरपूर भेटतात, शनीसाठी, आणि काळ्या घोड्याचीच पाहिजे असते. मुंबईत जेवढ्या काळ्या घोड्यांच्या नाला दारांवर आहेत तेवढे काळे घोडे अख्ख्या महाराष्ट्रात नसतील. मी देतो, रंग विचारू नका म्हणतो.

आणि यानंतर नेहमी येणारा पुढचा प्रश्न, मग नाल लावायचीच कशाला, जंगली घोड्याला कुठे असते. बरोबर आहे. जंगली घोडा जेवढा खूर झिजवतो तेवढाच वाढतो, हिशेब जुळतो. डांबरावर झीज वाढीपेक्षा जास्त म्हणून नाल. पण तुमच्या मुलीचा रायडिंग स्कूलचा घोडा दिवसभर वाळूच्या रिंगणात चालत असेल, खूर चांगला असेल, तर त्याला नालेशिवाय ठेवून बघायला हरकत नाही, मी स्वतः तसं सांगतो, माझंच बिल कमी होतं तरी. फक्त खूर कापायला सहा आठवड्यांनी मला बोलवायचं, आणि पार्किंगची सोय करून ठेवायची, गाडीत ऐरण असते.