तक्त्यातलं आमचं घर

तो तक्ता कालपासून डोक्यातून जात नाहीये. लिहून काढते, म्हणजे नेमकं काय लागलंय ते कळेल.

या सेमिस्टरला मला सगळ्यात जास्त आवडलेला विषय मार्केटिंगच. मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने 1960 मध्ये मांडलेले चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) शिकल्यापासून लोकलमधली प्रत्येक जाहिरात मी त्यात बसवून बघते. परवा ग्राहकांचे गट पाडणं सुरू झालं आणि सरांनी फळ्यावर तक्ता काढला. एका बाजूला घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला 11 पैकी किती गोष्टी घरात आहेत त्याची संख्या. वीज, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, दुचाकी, गाडी, एसी आणि शेतजमीन. दोन्ही जिथे मिळतात तो आपला रकाना. सगळ्यात वरच्या ए-वनपासून सगळ्यात खालच्या ई-थ्रीपर्यंत 12 पायऱ्या. 2011 साली ही पद्धत आली. प्रत्येकाने आपापल्या घराचं भरून आणायचं.

तन्वीचं तिथल्या तिथे झालं. मी शेतजमिनीपाशी अडले, कारण गुहागरच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे सगळ्या काकांची आणि आत्यांची नावं लागलीत. ती जमीन आमची म्हणायची का? असो.

खरी अडचण पुढे होती. मुख्य कमावती व्यक्ती म्हणजे घरखर्चाला जिचे पैसे सगळ्यात जास्त लागतात ती. म्हणजे आई. यात शंका नाही, बाबांनाही नाही. पण आई सातवी पास आणि बाबा बीकॉम. बाबांचं शिक्षण धरलं तर घर वर जातं. आईचं धरलं की तेच घर, तोच फ्रिज, तोच टीव्ही, खाली उतरतं.

हे लागलंय मला. घर खाली गेलं याचं वाईट वाटत नाही, आईमुळे खाली गेलं असं कागदावर दिसतं याचं वाटतं. जिच्या जिवावर ते उभं आहे तिच्यामुळे. पहाटे परात पुढ्यात ओढून ती कणीक मळायला बसते तेव्हा उजव्या मनगटाला क्रेप बँडेज असतं आणि त्याच्या कडेला कायम सुकलेलं पीठ. त्या हाताने माझी फी भरली जाते. बाबांचं तर… नको, ते आज नको.

तन्वी म्हणाली, ‘तुझी आई म्हणजे घरचीच मार्केटिंग मॅनेजर गं!’ प्रेमाने म्हणाली, पण मला नको वाटलं. आई पोळीभाजीचे डबे करते आणि उत्तम करते. तेवढं पुरेसं का नसावं?

याच वर्गात सरांनी लिज्जतची गोष्ट सांगितली होती. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ऐकताना अंगावर काटा आला होता. आता सारखं वाटतं, तेव्हा कुणी त्यांच्या घरांचा असा तक्ता भरला असता तर शिक्षणाच्या रकान्यात काय आलं असतं?

आज दुपारी लायब्ररीत बसून तो धडा शांतपणे परत वाचला. राग थोडा उतरला, हे मान्य करायला हवं. तक्त्याला माणसाची लायकी ठरवायचीच नाहीये. कुठल्या घरात काय खपेल, जाहिरात कुणापर्यंत न्यायची, एवढाच त्याचा प्रश्न. कमावणाऱ्याच्या शिक्षणावरून घरच्या खरेदीचा अंदाज बांधतात, आणि पुष्कळ घरांना तो लागूही पडत असेल. आमच्याकडे पैसा एकीचा आणि खरेदी तिघांची. फ्रिज घेताना किती रुपयांपर्यंत जायचं ते आईने ठरवलं, विजेच्या स्टारचं लेबल बाबांनी वाचलं, हप्त्यांचा हिशोब मी केला. एका माणसाचं शिक्षण लिहून यातलं काय कळणार? हा आक्षेप रडका नाही, विषयातलाच आहे. तो मी असाइनमेंटमध्ये घालणार.

वर्गीकरणाची आणखी नवी पद्धतही आली आहे. तिच्यात मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय बघतात आणि शिक्षण घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या पुरुषाचं आणि सगळ्यात जास्त शिकलेल्या बाईचं, दोघांचं धरतात. म्हणजे व्यवसाय आईचा, एक शिक्षण बाबांचं आणि दुसरं माझं! हे वाचून इतकं बरं वाटलं की लायब्ररीत शेजारी बसलेल्या मुलीला सांगावंसं वाटलं.

जुना तक्ता आईचंच शिक्षण लिहून देणार आहे, जो रकाना येईल तो येवो. त्याखाली नव्या पद्धतीने पुन्हा मांडणी. व्यवसाय काय लिहू म्हणून विचारलं तर आई म्हणाली, ‘लिही, पोळ्या करते.’ मी ‘स्वतःचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय’ लिहिलंय. सरांनी विचारलं तर सविस्तर सांगेन. गुरुवारी द्यायचंय.